दिसत नाही, पण आहे!

स्लॅब भरून तीन दिवस झाले होते. सेंटरिंग अजून उतरवायचे होते. चौथ्या दिवशी सदनिकेचे मालक सहज बांधकाम पाहायला आले आणि त्यांनी वायरमनला विचारले, ‘हॉलमधला दुसरा पंख्याचा पॉइंट कुठे दिलात?’ वायरमनने हातातला नकाशा उलगडला. हॉलमध्ये एकच पंखा होता. दुसऱ्याचा मागमूसही नव्हता. बैठकीच्या मोठ्या खोलीत दोन पंखे हवेत, असे मालकांनी दीड महिन्यापूर्वी सांगितले होते. वास्तुविशारदाच्या कार्यालयाने ते मान्य केले होते आणि ड्राफ्ट्समनने तो पॉइंट त्याच दिवशी संगणकावर काढलाही होता. कार्यालयात जाऊन फाइल उघडली, तेव्हा तो तेथे होताच. फक्त दिसत नव्हता. ज्या ‘लेयर’वर तो काढला होता, त्या लेयरसमोरचा चिमुकला दिवा विझलेला होता.

माझ्या परिचयातील एका कार्यालयात घडलेला हा प्रसंग. नुकसान फार मोठे नव्हते. छताच्या खालच्या बाजूने पाइप फिरवून आणि वरून फॉल्स सीलिंग करून प्रश्न सुटला. त्याचा खर्च कोणी द्यायचा, यावरून थोडी कुरबूर झाली, इतकेच. मात्र गमतीची गोष्ट अशी, की तो दिवा कार्यालयातील कोणीही हाताने बंद केला नव्हता. मग तो विझला कसा? या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे, तर संगणकीय आरेखनातील लेयर म्हणजे काय आणि तो दाखवण्याच्या व लपवण्याच्या किती तऱ्हा आहेत, हे आधी समजून घ्यावे लागेल. ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही, त्यांनीही ते समजून घ्यायला हरकत नाही. आज आपले घर, कार्यालय, रुग्णालय, रस्ता, पूल या साऱ्यांचे नकाशे याच पद्धतीने तयार होतात.

ट्रेसिंग पेपरची चळत

संगणक येण्यापूर्वी नकाशे हाताने काढले जात. मोठे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, शाईची पेने आणि ट्रेसिंग पेपर. चूक झाली, की ब्लेडच्या धारेने शाई हलकेच खरवडायची. मूळ ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढायच्या. त्यांचा उग्र वास ज्याने एकदा घेतला, तो जन्मात विसरत नाही. भिंतींचा नकाशा तोच असे; परंतु गवंड्याला एक प्रत हवी, सुताराला दुसरी, वायरमनला तिसरी आणि प्लंबरला चौथी. प्रत्येकासाठी त्याच भिंती पुन्हा गिरवण्यात ड्राफ्ट्समनचे आयुष्य सरे.

यावर परदेशांतील मोठ्या कार्यालयांनी एक युक्ती शोधली. भिंतींचा मूळ नकाशा एका पारदर्शक फिल्मवर काढायचा. विजेचे पॉइंट दुसऱ्या फिल्मवर, नळजोडणी तिसऱ्या, फर्निचर चौथ्या. प्रत्येक फिल्मच्या कडेला ठरावीक अंतरावर भोके पाडलेली असत आणि टेबलाला बसवलेल्या पट्टीवरील खुंट्यांत ती अडकवली, की सगळ्या फिल्म एकमेकींवर तंतोतंत बसत. वायरमनची प्रत काढायची असेल, तर भिंतींची आणि विजेची फिल्म ठेवायची, बाकीच्या काढून घ्यायच्या. एकच नकाशा, अनेक प्रती.

संगणकातील लेयर म्हणजे हीच पारदर्शक फिल्म. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढण्याचा मान अमेरिकेतील एमआयटीच्या इव्हान सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’कडे जातो; त्यावरचा त्यांचा प्रबंध १९६३ सालचा. त्यानंतर जवळपास दोन दशके अशी साधने विमान आणि मोटारी बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनाच परवडत. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑटोडेस्क’ या कंपनीने त्याच वर्षी ‘ऑटोकॅड’ आणले आणि आरेखनाची आज्ञावली टेबलावरच्या छोट्या संगणकात आली. पुढे ती आपल्याकडील गल्लीबोळातील कार्यालयांतही पोहोचली. येथे आपण ऑटोकॅडचेच उदाहरण घेणार आहोत. इतर आज्ञावल्यांत नावे बदलतात, तत्त्व बरेचसे तेच राहते. उदाहरणार्थ, ‘मायक्रोस्टेशन’मध्ये लेयरला ‘लेव्हल’ म्हणतात. तिच्या जुन्या आवृत्त्यांत एका फाइलमध्ये ६३ लेव्हलच मिळत आणि त्यांना नावांऐवजी क्रमांकांनी ओळखावे लागे.

दिवा, सूर्य आणि कुलूप

ऑटोकॅडमध्ये लेयरची यादी उघडली, की प्रत्येक नावासमोर काही चिन्हे दिसतात. एक दिवा, एक सूर्य, एक कुलूप आणि थोड्या अंतरावर एक प्रिंटर. नवशिक्या दिव्यावर टिचकी मारतो, रेषा नाहीशा होतात आणि त्याचे समाधान होते. मग तो सूर्यावर टिचकी मारतो. सूर्याच्या जागी हिमकण येतो आणि रेषा पुन्हा तशाच नाहीशा होतात. एकाच कामासाठी ही दोन बटणे कशाला, असा प्रश्न त्याला पडतो. शिकवणी वर्गात याचे उत्तर बहुधा एका ओळीत उरकले जाते. प्रत्यक्षात सगळी मेख या दोन बटणांच्या फरकातच आहे.

दिवा बंद करणे म्हणजे लेयर ‘ऑफ’ करणे. याचा अर्थ, त्या लेयरवरील वस्तू दाखवू नका आणि छापू नका, एवढाच. संगणक त्या वस्तू विसरलेला नसतो. पडद्यावरील चित्राची नव्याने जुळणी करताना तो त्यांचेही गणित मांडतो, केवळ रंगवत नाही. सूर्याचा हिमकण करणे म्हणजे लेयर ‘फ्रीझ’ करणे. गोठवलेला लेयर चित्राच्या जुळणीतून वगळलाच जातो. पूर्वी संगणक मंद होते, तेव्हा या फरकाला फार किंमत होती. मोठ्या वसाहतीच्या नकाशातील झाडे आणि फरशांची जाळी गोठवली, की रेंगाळणारे यंत्र एकदम हलके होई. उलट गोठवलेला लेयर परत आणताना संपूर्ण चित्राची नव्याने जुळणी होई आणि ड्राफ्ट्समन तेवढ्यात चहा पिऊन येई. म्हणूनच घटकाभरासाठी लपवायचे तर ऑफ करा आणि दीर्घकाळ नको असेल तर फ्रीझ करा, असा संकेत रूढ झाला.

आजच्या वेगवान संगणकांवर वेळेचा हा फरक फारसा जाणवत नाही. त्यामुळे अनेक जण दोन्ही बटणे एकच समजून वापरतात. वेळेचा प्रश्न मागे पडला असला, तरी वागण्यातील फरक मात्र कायम आहे आणि तो महागात पडू शकतो.

पहिले उदाहरण पुसण्याचे. पडद्यावर एका जुन्या नकाशाचे अवशेष उरले आहेत आणि ते सगळेच पुसायचे आहेत. ड्राफ्ट्समन ‘इरेज’ची आज्ञा देतो आणि कोणत्या वस्तू, या प्रश्नाला ‘ऑल’ असे उत्तर देतो. दिसणाऱ्या वस्तू तर पुसल्या जातातच. परंतु ऑफ केलेल्या लेयरवरील, डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूही त्यांच्याबरोबर जातात. गोठवलेल्या लेयरवरील वस्तूंना धक्का लागत नाही. डोळ्यांआड असलेले काम आपण पुसून टाकले, हे कळते ते काही दिवसांनी, तो लेयर सुरू केल्यावर. तोवर फाइल कितीदा तरी जतन झालेली असते.

दुसरे उदाहरण निरुपद्रवी, पण वैताग आणणारे. संपूर्ण नकाशा पडद्यावर बसवा, अशी ‘झूम एक्स्टेंट्स’ची आज्ञा दिली आणि नकाशा पडद्याच्या कोपऱ्यात तिळाएवढा दिसू लागला, तर समजावे की बंद केलेल्या एखाद्या लेयरवर दूर कुठे तरी एक चुकार रेष पडली आहे. संगणक तिलाही हिशेबात धरतो. तो लेयर गोठवला, तर धरत नाही.

तिसरा फरक चालू लेयरचा. ज्या लेयरवर आपण सध्या काम करतो आहोत, तो गोठवता येत नाही. ऑफ मात्र करता येतो. आज्ञावली एकदा विचारते, आपण सवयीने ‘हो’ म्हणतो आणि मग काढलेली प्रत्येक रेष काढताक्षणी अदृश्य होऊ लागते. माउस बिघडला म्हणून आदळआपट करणारे शिकाऊ उमेदवार पुष्कळांनी पाहिले असतील. माउस शाबूत असतो, दिवा विझलेला असतो.

कुलपाचे काम वेगळे. ‘लॉक’ केलेला लेयर दिसतो, छापला जातो, त्यावरील रेषांच्या टोकांना पकडून नवी रेषही काढता येते. परंतु त्यावरील वस्तू हलवता किंवा पुसता येत नाहीत. ज्याचे काम आपले नाही, पण ज्याच्या आधाराने आपले काम करायचे आहे, त्याच्यासाठी ही सोय आहे. विजेचा आराखडा काढणाऱ्याने भिंतींचा लेयर कुलपात ठेवावा, हा साधा शिष्टाचार आहे. भिंत दिसायला हवी, पण आपल्या हातून सरकायला नको. लपवण्यापेक्षा कुलूप लावणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते, कारण समोर दिसणारी वस्तू विसरली जात नाही.

प्रिंटरच्या चिन्हावर फुली असेल, तर तो लेयर पडद्यावर दिसतो आणि कागदावर उमटत नाही. आधाररेषा, स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा, चौकटी यांसाठी तो उपयोगी पडतो. या जातीचा एक लेयर ऑटोकॅड स्वतःहून तयार करते. त्याचे नाव ‘डेफपॉइंट्स’. नकाशात पहिले माप टाकले, की तो यादीत अवतरतो. तो छापला जात नाही. चुकून कोणी त्याच्यावर भिंत काढली, तर ती पडद्यावर ठळक दिसते आणि कागदावर गायब होते. प्रिंटर बिघडला, शाई संपली, अशा सगळ्या शंका घेऊन झाल्यावर खरे कारण सापडते.

बेसिन कोठे गेले?

आता थोडे गुंतागुंतीचे. नकाशात वारंवार येणाऱ्या वस्तू, म्हणजे दरवाजा, खिडकी, कमोड, बेसिन, खुर्ची, प्रत्येक वेळी नव्याने काढत नाहीत. त्यांचा एकदाच ‘ब्लॉक’ करून ठेवतात आणि हवा तेथे बसवतात. म्हणजे लेयरच्या दृष्टीने ब्लॉकला दोन पत्ते असतात. ज्या लेयरवर त्याच्या रेषा काढल्या तो एक आणि ज्या लेयरवर तो ब्लॉक बसवला तो दुसरा.

समजा, बेसिनच्या रेषा ‘प्लंबिंग’ लेयरवर काढल्या आहेत आणि बसवताना चालू लेयर ‘भिंत’ होता. आता ‘भिंत’ लेयर ऑफ केला, तर भिंती जातात, पण बेसिन अधांतरी लटकत राहते, कारण त्याच्या रेषा प्लंबिंगच्या आहेत. तोच लेयर फ्रीझ केला, तर भिंतींबरोबर बेसिनही जाते. मग प्लंबिंगचा दिवा कितीही लख्ख जळत असो! बसवण्याची जागाच गोठली, तर तिच्यावर बसलेले सगळे गोठते.

प्लंबरसाठी केवळ नळजोडणीची प्रत काढताना कोणी भिंतींचा लेयर गोठवला आणि त्याबरोबर चार बेसिने नाहीशी झाली, तर प्लंबरला ते कळणार कसे? नसलेली गोष्ट कागदावर दिसत नाही. चुकीची रेष खटकते, नसलेली रेष खटकत नाही. लेयरच्या चुकांचे वैशिष्ट्य हेच, की त्या शोधायला डोळा पुरत नाही.

यावर जाणकारांचा उपाय असा, की ब्लॉकच्या रेषा शक्यतो ‘शून्य’ नावाच्या लेयरवर काढाव्यात. हा लेयर प्रत्येक फाइलमध्ये जन्मजात असतो आणि पुसता येत नाही. त्याचा विशेष असा, की त्यावर काढलेला ब्लॉक ज्या लेयरवर बसवावा, त्याचाच होऊन जातो. जावई जसा सासरच्या नावाने ओळखला जावा, तसा. मग दोन पत्त्यांचा घोळ राहत नाही. त्यामुळेच शून्य लेयरवर थेट भिंती-खांब काढू नयेत, तो ब्लॉकसाठी राखून ठेवावा, असे चांगल्या कार्यालयांत सांगितले जाते.

एक नकाशा, अनेक खिडक्या

आतापर्यंत पाहिलेली बटणे संपूर्ण फाइलला लागू होतात. परंतु एकाच कागदावर डावीकडे फर्निचरचा आणि उजवीकडे विजेचा आराखडा छापायचा असेल तर? लेयर एकाच वेळी चालू आणि बंद कसा असेल?

ऑटोकॅडच्या १९९० मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीने यावर तोडगा दिला. नकाशा खऱ्या मापात जेथे काढतात ती एक जागा आणि छपाईचा कागद मांडतात ती दुसरी, असे दोन भाग झाले. कागदाच्या जागेत ‘व्ह्यूपोर्ट’ नावाच्या खिडक्या पाडायच्या आणि त्यांतून मूळ नकाशाकडे पाहायचे. प्रत्येक खिडकीला स्वतंत्र काच. डाव्या खिडकीत विजेचा लेयर गोठवायचा, उजव्या खिडकीत फर्निचरचा. मूळ नकाशा एकच राहतो. भिंत एका जागी सरकवली, की सगळ्या खिडक्यांत सरकते. त्याच भिंती पाच वेळा गिरवण्याच्या जुन्या शापातून खरी सुटका झाली ती येथे.

या सोयीबरोबर दोन खाचखळगेही आले. लेयरच्या यादीत खिडकीपुरते गोठवण्याचा रकाना वेगळा असतो आणि सगळीकडे गोठवण्याचा वेगळा. घाईत पहिल्याऐवजी दुसऱ्यावर टिचकी पडली, तर समोरच्या खिडकीतील लेयर जातो आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो त्या फाइलमधील सर्व कागदांवरून गेलेला असतो. दुसरा खळगा उलट दिशेचा. नवा लेयर तयार केला, की तो नेहमीच्या पद्धतीत जुन्या सगळ्या खिडक्यांत आपोआप दिसू लागतो. विजेसाठी लिहिलेल्या सूचना मग फर्निचरच्या नकाशावर जाऊन बसतात. म्हणून एक नवा लेयर वाढवला, तर प्रत्येक कागद एकदा डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते.

मोठ्या प्रकल्पांत याला आणखी एक पदर असतो. वास्तुविशारदाची फाइल स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि विजेचा सल्लागार आपापल्या फाइलमध्ये ‘एक्सरेफ’ म्हणून जोडून घेतात. जोडलेल्या फाइलमधील लेयर यादीत येताना आपल्या फाइलचे नाव पुढे लावून येतात. मध्ये एक उभी रेघ असते. पाहुण्या लेयरपैकी कोणता दाखवायचा आणि कोणता लपवायचा, हे यजमान ठरवू शकतो. मात्र ते ठरवणे पुढच्या वेळी टिकेल की नाही, हे ‘व्हिसरिटेन’ नावाच्या एका खटक्यावर अवलंबून असते. तो एकवर असेल, तर आपले बदल टिकतात. शून्यावर असेल, तर फाइल पुन्हा उघडल्यावर पाहुणा आपल्या घरच्या सवयींनिशी हजर होतो आणि काल लपवलेले सगळे आज पुन्हा दिसते.

विझलेल्या दिव्याचे रहस्य

शे-दीडशे लेयर असलेल्या नकाशात प्रत्येक प्रतीसाठी एकेक चिन्ह हाताने बदलणे कंटाळवाणे असते आणि चुकीलाही आमंत्रण देणारे. त्यासाठी ‘लेयर स्टेट’ची सोय आहे. विजेच्या प्रतीसाठी हवे ते लेयर सुरू, नको ते बंद, अशी मांडणी एकदा करायची, तिला ‘विजेची प्रत’ असे नाव द्यायचे आणि जतन करायचे. पुढच्या वेळी त्या नावावर टिचकी मारली, की सगळी मांडणी जशीच्या तशी परत. तंबोऱ्याच्या तारा एकदा लावून ठेवाव्यात, तसेच हे. वेळ वाचतो आणि प्रत्येक प्रतीत सारखेपणा येतो.

सुरुवातीच्या प्रसंगातील कार्यालयाने हेच केले होते आणि योग्यच केले होते. ‘विजेची प्रत’ ही मांडणी त्यांनी काम सुरू होताना जतन केली. पुढे दोन महिन्यांनी मालकांनी दुसरा पंखा मागितला. ड्राफ्ट्समन शिस्तीचा. बदल वेगळे ओळखू यावेत, म्हणून त्याने ‘सुधारित वीज’ असा नवा लेयर केला आणि पॉइंट त्यावर काढला. स्लॅबच्या आधी दुसऱ्या एकाने फाइल उघडली, ‘विजेची प्रत’ ही मांडणी परत आणली आणि प्रिंट काढली. मांडणी परत आणण्याच्या चौकटीत एक पर्याय असतो, मांडणीत नोंद नसलेले लेयर बंद करा. त्यासमोर खूण होती. नवा लेयर जुन्या मांडणीच्या जन्मानंतरचा होता, म्हणून तिच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नव्हता. आज्ञावलीने सांगितल्याप्रमाणे तो बंद केला. कोणी हलगर्जी केली नाही, कोणाला काम येत नव्हते असेही नाही. नवा लेयर वाढवल्यावर जुन्या मांडण्याही अद्ययावत कराव्या लागतात, एवढा एक नियम त्या कार्यालयात लिहिलेला नव्हता.

आता तो लिहिलेला आहे. त्याशिवाय प्रत छापण्यापूर्वी लेयरची यादी वरपासून खालपर्यंत पाहायची आणि विझलेल्या प्रत्येक दिव्याचे कारण स्वतःला सांगायचे, अशी पद्धतही तेथे पडली आहे. या कामी ‘लेवॉक’ ही आज्ञा फार उपयोगी आहे. ती एकेक लेयर निवडून त्यावर काय आहे, तेवढेच दाखवते. परक्याने पाठवलेली फाइल समजून घ्यायलाही तिच्यासारखे साधन नाही. ‘लेआयसो’ ही आज्ञा निवडलेला लेयर ठेवून बाकीचे बाजूला सारते आणि काम झाल्यावर तिच्या जोडीची आज्ञा सगळे पूर्ववत करते. हाताने वीस दिवे विझवून नंतर अठराच पेटवण्यापेक्षा हे बरे!

नावात बरेच काही आहे

हे सगळे तेव्हाच जमते, जेव्हा लेयरला अर्थपूर्ण नावे असतात. ‘लेयर १’, ‘लेयर २’, ‘नवा’, ‘नवा फायनल’ अशी नावे असलेल्या फाइलमध्ये काय लपवायचे, हे ती बनवणाऱ्यालाही महिन्याभराने सांगता येत नाही. अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेने १९९० मध्ये लेयरच्या नावांची मार्गदर्शक पद्धत प्रसिद्ध केली. तीत पहिले अक्षर शाखेचे असते. ‘ए’ म्हणजे वास्तुरचना, ‘एस’ म्हणजे स्ट्रक्चर, ‘ई’ म्हणजे वीज, ‘पी’ म्हणजे प्लंबिंग. पुढे वस्तूचे संक्षिप्त नाव येते. त्यामुळे यादी वर्णानुक्रमे लावली, की एका शाखेचे सगळे लेयर आपोआप एकत्र येतात आणि एका फटक्यात लपवता येतात. १९९८ मध्ये लेयरच्या नावांसाठी आयएसओ १३५६७ हे आंतरराष्ट्रीय मानकही आले.

आपल्याकडे वेगवेगळे काम वेगळे ओळखू यावे, हा विचार संगणकाच्या आधीपासून आहे. महापालिकेत मंजुरीसाठी जाणाऱ्या नकाशात भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेने, प्रस्तावित बांधकाम लाल रंगाने, पाडायचे बांधकाम पिवळ्या रेघांनी, मैलापाण्याची वाहिनी तुटक लाल रेषेने आणि पाण्याची वाहिनी तुटक काळ्या रेषेने दाखवण्याचा नियम जुना आहे. अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळावे, हा त्यामागचा हेतू. आता अनेक शहरांत ‘ऑटोडीसीआर’सारख्या आज्ञावल्या नकाशा तपासतात. यंत्र रंग पाहून अदमास बांधत नाही, ते लेयरचे नाव वाचते. भूखंडाची हद्द ठरवून दिलेल्या लेयरवर नसेल, तर माणसाला ती ठळक दिसत असली तरी यंत्राच्या लेखी भूखंडच नसतो. येथे दिसणे आणि असणे यांतील अंतर पुन्हा एकदा समोर येते, फक्त बाजू बदललेली असते.

लपवले म्हणजे पुसले नव्हे

शेवटचा मुद्दा विश्वासाचा. मूळ फाइल दुसऱ्याला पाठवताना लेयर बंद करून पाठवणे म्हणजे कपाटाचे दार लोटून ठेवण्यासारखे आहे. पलीकडच्या माणसाने एक टिचकी मारली, की आतले सगळे दिसते. दरांची टिपणे, दुसऱ्या ग्राहकासाठी केलेला पर्याय, नाकारलेला आराखडा, जे काही असेल ते. पाठवायचे नसेल, तर फाइलची प्रत करावी, सगळे लेयर सुरू करून पाहावेत, नको ते खरोखर पुसावे, रिकामे लेयर ‘पर्ज’ने काढून टाकावेत आणि मग ती प्रत पाठवावी. केवळ पाहण्यासाठी द्यायचे असेल, तर पीडीएफ पुरते. तीही लेयरची माहिती समाविष्ट न करता केली, तर सगळ्यांना एकच चित्र दिसते. ती माहिती ठेवली, तर पाहणारा आपल्या बाजूने काही लेयर बंद करू शकतो आणि दोघांच्या हातांत एकाच नकाशाची दोन रूपे राहतात.

घर घेऊ पाहणाऱ्या सामान्य वाचकाने यातून काय घ्यावे? जाहिरातपत्रकातील देखणा नकाशा हाही काही लेयर सुरू आणि काही बंद ठेवून केलेली निवडच असते. त्यात पलंग, सोफा आणि कुंड्या असतात. पण छतातून जाणाऱ्या तुळया आणि पाइपांचे डक्ट बहुधा नसतात. त्यात लबाडी असतेच असे नाही, ते पत्रक त्या कामासाठी नसतेच. परंतु पलंगाच्या डोक्यावर तुळई येते का आणि स्वयंपाकघराच्या भिंतीमागे डक्ट आहे का, हे प्रश्न विचारायचे आपल्याला सुचले पाहिजे. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून ‘महारेरा’ कार्यरत आहे आणि रेरा कायद्यानुसार मंजूर नकाशे पाहण्यास मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पत्रकाबरोबर तेही पाहावेत. घरात वीज किंवा नळाचे काम चालू असेल, तर काँक्रीट पडण्यापूर्वी वायरमनच्या हातातील कागद आणि आपण सांगितलेली यादी एकदा शेजारी ठेवून ताडून पाहावी.

त्या सदनिकेत आता दोन्ही पंखे फिरत आहेत. दुसऱ्या पंख्याचा पाइप फॉल्स सीलिंगच्या आड गेला आहे. तो दिसत नाही, पण आहे.